जुन्या ऑटोमॅटिक शेवरलेट ३५० व्ही-८चं इग्निशन टायमिंग

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, अंशांत मोजलेली. आधी बॉनेटखालचं स्टिकर वाचा: किती अंश, किती आरपीएम, गिअर ‘ड्राइव्ह’मध्ये की ‘न्यूट्रल’मध्ये. ‘ड्राइव्ह’ असेल तर चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर माणूस बसवा. गाडीसमोर कुणी नको. ‘पार्क’मध्ये आरपीएम चढतात, डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातली) वजनं उघडू लागतात, टायमिंग आपोआप पुढे जातं आणि आकडा फसवतो.

इंजिन पुरतं गरम होऊ द्या. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या डबीची) नळी काढून तिचं तोंड बुजवा. नेमकं हेच राहून जातं. टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याची) क्लिप पहिल्या सिलिंडरच्या वायरला लावा; हा सिलिंडर म्हणजे चालकाच्या डाव्या रांगेतला सर्वांत पुढचा. झोत इंजिनच्या पुढच्या पुलीवरच्या खुणेवर धरा; ती अंशांच्या पट्टीवर जिथे दिसते तो तुमचा आकडा. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट जरासाच सैल करा. डिस्ट्रिब्युटर वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरवला की टायमिंग पुढे जातं; खूण स्टिकरवरच्या अंशावर आणा. बोल्ट आवळून पुन्हा तपासा, आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास सरकतो. मग नळी जोडा, आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) लावा. चढावर इंजिनमधून खडखड आली तर टायमिंग दोन अंश मागे घ्या.