फ्लोरेन्सचा उरलेला तट कसा पाहावा

फ्लोरेन्सला जाण्यापूर्वी खानदेशकराने एक सकाळ पारोळ्याच्या भुईकोटात घालवावी. बुरूज, जंग्या (आतून मारा करण्यासाठी तटात ठेवलेली भोके), खंदक ही मंडळी तिथे नजरेत बसली, की परमुलखातला तटही वाचता येतो.

१२८४ ते १३३३ या काळात उभारलेला फ्लोरेन्सचा हा तट वाढत्या वस्तीच्या अंदाजाने ऐसपैस आखला होता. १३४८ च्या प्लेगने तो अंदाज मोडला आणि तटाआतली बरीचशी जागा पुढे कित्येक शतके बागा-मळ्यांखालीच राहिली. १८६५ मध्ये शहर इटलीची राजधानी झाल्यावर जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार आर्नो नदीच्या उत्तरेकडचा तट पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. तिकडच्या एकट्या उरलेल्या वेशी बसमधून पाहिल्या तरी चालतील. वेळ राखावा तो दक्षिण काठासाठी.

सुरुवात सान निकोलो वेशीपासून करावी. तोफांचा जमाना आल्यावर इतर वेशींचे उंच मनोरे छाटले गेले, पण टेकडीच्या आडोशाला असल्यामुळे ही वेस पूर्ण उंचीची राहिली. तिची शहराकडची बाजू मुद्दाम पाहावी: एकावर एक उघड्या कमानी आहेत, भिंत नाही. असा पाठीमागून उघडा मनोरा शत्रूच्या हाती पडला, तरी त्याला शहरावर मारा करताना आतून आडोसा मिळत नाही.

पुढे सान मिनियातोची लहानशी वेस ओलांडून व्हिया दी बेल्व्हेदेरेचा चढ धरावा. मे महिन्यात जळगावचे ऊन सोसणाऱ्यानेही हा चढ सकाळीच उरकावा. इथे तट अगदी हाताशी येतो. आपला काळा पाषाण नव्हे, तर पिवळसर तपकिरी वालुकाश्म, स्थानिक भाषेत पिएत्राफोर्ते. भिंतीत ओळीने दिसणाऱ्या चौकोनी भोकांना घाईने जंग्या म्हणू नये. ठरावीक अंतरावर, एकाच पातळीत असलेली अशी भोके बहुधा गवंड्यांच्या परांचीची लाकडे रोवण्यासाठी ठेवलेली असतात. जंगी आरपार जाते आणि सहसा आतल्या बाजूला रुंदावते, एवढी खूण पुरते.

माथ्यावरच्या सान जोर्जो वेशीवर, बाहेरच्या अंगाला, ड्रॅगनशी लढणाऱ्या संत जॉर्जचे शिल्प आहे. मूळ शिल्प शहरात हलवलेले असून इथे त्याची प्रतिकृती आहे. तिथून पुढे तट बागांच्या आड जातो, म्हणून खाली उतरून पश्चिमेकडची सान फ्रेदियानो वेस गाठावी. तिची प्रचंड लाकडी दारे जवळ जाऊन न्याहाळावीत: फळ्यांवर लोखंडी खिळ्यांची डोकी दाटीने ठोकलेली आहेत, मात्र आपल्या दरवाजांवर असतात तसे लांब अणकुचीदार सुळे नाहीत. तिथे हत्तीची धडक सोसायची नव्हती.