पावणेदोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीला टर्बो बसवताय? या चुका टाळा

खंबाटकी घाट चढताना बॉनेटखालून जळक्या ऑइलचा वास आला, तेव्हा टर्बो बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. डिपस्टिक आपल्या जागेवरून दोन बोटं वर आलेली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑइलचे शिंतोडे. गाडी १९९९ची होंडा सिटी, १.५ लिटर पेट्रोल, मीटरवर १,७४,००० किलोमीटर. टर्बो शाबूत होता, पाइप शाबूत होते, क्लिपाही घट्ट होत्या. दुखणं इंजिनाचं जुनंच होतं, बूस्टने, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाने, ते बाहेर काढलं.

तेव्हापासून अशा बऱ्याच गाड्या जवळून पाहिल्या. टर्बो मुळातच खराब निघाला म्हणून इंजिन गेलं, असं क्वचितच दिसलं. बहुतेक वेळा किट आधी येतं आणि इंजिनाची तपासणी नंतर, म्हणजे आधी कळस मग पाया.

कॉम्प्रेशन न मोजता काम सुरू करणं

‘गाडी मख्खन चालते, धूर नाही, ॲव्हरेज १४ देते’ ही तपासणी नव्हे. साध्या इंजिनात एक सिलिंडर थोडा कमजोर असला तरी रोजच्या चालवण्यात ते जाणवत नाही. ०.४ बार बूस्ट दिला की प्रत्येक सिलिंडरमध्ये जवळपास चाळीस टक्के जास्त हवा कोंबली जाते, आणि तीच कमजोर जागा पहिली हार मानते.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ती मोजणी, नीट करा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, चारही प्लग बाहेर, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. माझ्या गाडीचे आकडे होते १७५, १७०, १३० आणि १७२ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर १३०चे १६० झाले. ऑइलने आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात. चढलाच नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटकडे बघायचं. चारही सिलिंडर दहा टक्क्यांच्या आत जुळत नसतील, तर टर्बोचे पैसे आधी इंजिनाच्या कामाला लावा.

हे आकडे मी घाटातल्या प्रसंगानंतर काढले. आधी काढले असते तर एक ऑइल सील, एक क्लच प्लेट आणि दोन महिने वाचले असते.

लीकडाउन टेस्ट करणारा गॅरेजवाला सापडला तर त्याला सोडू नका. सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि कुठून सुसकारा येतो ते ऐकायचं. थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइल भरायच्या झाकणातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

बॅक कॉम्प्रेशनकडे दुर्लक्ष

डिपस्टिक वर का आली, तर रिंगांच्या फटीतून दाब खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरत होता. मेस्त्री याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू ओढून घ्यायला पीसीव्ही व्हॉल्व असतो, पण तो इनटेक मॅनिफोल्डच्या ओढीवर चालतो. टर्बो लागला की मॅनिफोल्डमध्ये ओढीऐवजी दाब तयार होतो. वीस-पंचवीस वर्षांचा पीसीव्ही त्या वेळी घट्ट बंद झाला नाही, तर बूस्टच उलटा चेंबरमध्ये शिरतो. मग जी जागा मऊ ती फुटते, म्हणजे डिपस्टिक, टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा गिअरबॉक्सकडचं क्रँकचं ऑइल सील.

पीसीव्ही नवा घाला आणि त्याच्या नळीत वेगळा वन-वे व्हॉल्व बसवा. टॅपेट कव्हरपासून जाड नळी कॅच कॅनमध्ये, म्हणजे ऑइलची वाफ अडवणाऱ्या डब्यात, न्या. क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा क्लच आणि सील एकाच वेळी बदला, मजुरी एकदाच लागेल. कॅच कॅन मात्र झिजलेल्या रिंगांवरचा इलाज नाही. दर आठवड्याला तो भरत असेल तर इंजिन खोलायची वेळ झाली आहे.

पेट्रोल आणि टायमिंग

सर्वांत जास्त पिस्टन इथे फुटतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जुन्या होंडाचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बूस्टसाठी बनलेलाच नाही. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरने वातावरणापेक्षा जास्त दाब दाखवला की तो गोंधळतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यावर बाजारात एक स्वस्त युक्ती चालते. सेन्सरच्या नळीत छोटा व्हॉल्व टाकून बूस्ट ईसीएमपासून लपवायचा. दिवा विझतो. पण ईसीएमला वाटतं की इंजिन साध्या हवेवरच चाललंय, म्हणून तो पेट्रोल वाढवत नाही आणि टायमिंगही, म्हणजे ठिणगीची वेळही, मागे घेत नाही. पेट्रोल वाढवायचा वेगळा बंदोबस्त नसेल तर मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन ठोकू लागतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली पातळ कड तुटते. या इंजिनांचे पिस्टन ओतीव असतात. त्यांना नॉकिंग अजिबात सोसत नाही.

आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी ९१ ऑक्टेनचं होतं. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंगला रोखतं हे खरं, पण तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, तर अशा ई२० पेट्रोलला साधारण १३.५. म्हणजे मूळ इंजेक्टर आणि पंप तुम्ही धरलेल्या हिशेबाच्या आधीच कमी पडतात. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, त्या सगळ्या बदला. फ्युएल प्रेशर बूस्टच्या बरोबरीने वाढतंय का, हे गेज लावून डोळ्यांनी पाहा.

मूळ ऑक्सिजन सेन्सरवर विसंबून ट्यूनिंग होत नाही. मिश्रण रिच की लीन एवढंच तो सांगतो, किती ते नाही. हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा आणि पूर्ण बूस्टमध्ये आकडा ११.५ ते १२च्या आसपास ठेवा. प्लग एक पायरी थंड घ्या. गॅप १.१ मिलिमीटरवरून ०.७पर्यंत आणा, नाहीतर दाबाने ठिणगीच विझते आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात. डिस्ट्रिब्यूटरवर टायमिंग लावताना सर्व्हिस कनेक्टर आधी वायरने जोडून घ्या. तो न जोडता ईसीएम स्वतःच टायमिंग हलवत राहतो आणि टायमिंग लाइटवर दिसलेली खूण खोटी ठरते.

जानेवारीच्या पहाटे पुण्यात केलेलं ट्यूनिंग एप्रिलच्या दुपारी सोलापूर रस्त्यावर चालेलच असं समजू नका. इंटरकूलर असला तरी टायमिंगमध्ये दोन-तीन अंश हात राखून ठेवा.

भंगारातला डिझेल टर्बो

कुर्ल्याच्या बाजारात १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाचा केपी३५ टर्बो स्वस्तात मिळतो, म्हणून मोह होतो. ७५ पीएसच्या डिझेलसाठी बनलेला तो छोटा टर्बो १.५ पेट्रोलवर खालच्या आरपीएमला झकास ओढतो, पण वर धूर बाहेर पडायला जागाच उरत नाही आणि उष्णता हेडमध्ये साचते. शिवाय डिझेलचा धूर साधारण ८०० अंशांच्या आतबाहेर, तर पेट्रोलचा ९००च्या पुढे जातो. व्हेरिएबल व्हेनवाला डिझेल टर्बो तर घेऊच नका, त्या तापमानाला व्हेन जाम होतात.

जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालतो, पुढे-मागे सरकायला नको. ऑइल परत नेणारी नळी जाड हवी, सरळ उताराची हवी आणि सम्पमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ती अर्ध्या इंचाची ठेवली किंवा तिला वळसा दिला, तर टर्बो निळा धूर सोडतो आणि लोक सील गेलं म्हणून नवा टर्बो आणतात. सम्पला भोक पाडायचं असेल तर तो उतरवूनच पाडा. एक लोखंडी कीस बेअरिंग खराब करायला पुरतो.

उरलेलं थोडक्यात. मेस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला असेल, आणि जुन्या गाड्यांत तो बहुधा काढलेलाच असतो, तर नवा बसवा. नळाचं पाणी घातलेला रेडिएटर साफ करून किंवा बदलून कूलंट भरा. ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदला.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफाराला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९मध्ये हेच सांगितलं. अपघातानंतर विम्याचा दावा इथेच अडकू शकतो. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. मी आता ही गाडी फक्त ट्रॅकवर चालवतो, तीही ट्रेलरवरून नेऊन.

इंजिन बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या. हजार किलोमीटरनंतर तीच टेस्ट, त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या खाली लिहिली: १८२, १८०, १८३, १८१. डिपस्टिकच्या मुठीवर मी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली आहे. प्रत्येक फेरीनंतर बॉनेट उघडून आधी ती नळीच्या तोंडाशी जुळते का, ते बघतो.