वर्तुळ शिकायला बसलात की आधी कंस शोधा

चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या पट्ट्यातल्या दहावीच्या मुलांना मी बरीच वर्षं भूमिती शिकवते. गणित भाग दोनचा लेखी पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. पुस्तकात ‘वर्तुळ’ हे तिसरं प्रकरण आहे, पण ते तिथेच संपत नाही. भौमितिक रचनेत स्पर्शिका काढाव्या लागतात, महत्त्वमापनात वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड येतात. म्हणजे वर्तुळ कच्चं राहिलं की तीन प्रकरणांत गुण जातात. नववीतून नुकतेच दहावीत आलेले, किंवा पोलीस भरती, तलाठी परीक्षेसाठी कितीतरी वर्षांनी पुन्हा गणिताचं पुस्तक उघडलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

भागांची नावं एका बैठकीत पाठ होतात. केंद्रापासून वर्तुळापर्यंत त्रिज्या, वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडले की जीवा, केंद्रातून जाणारी जीवा म्हणजे व्यास. वर्तुळाला एकाच बिंदूत भेटणारी रेषा स्पर्शिका, दोन बिंदूंत छेदणारी ती वृत्तछेदिका. एवढ्यावर फार वेळ घालवू नका. वेळ द्यायचा तो कंसाला.

वर्तुळावर दोन बिंदू घेतले की त्याचे दोन तुकडे पडतात, एक लघुकंस आणि एक विशालकंस. या कंसाला दोन वेगळ्या गोष्टी असतात, माप आणि लांबी, आणि निम्मा वर्ग तिथेच अडतो. माप अंशांत सांगतात. लघुकंसाचं माप म्हणजे त्याच्या केंद्रीय कोनाचं, म्हणजे कंसाची टोकं केंद्राला जोडली की तिथे होणाऱ्या कोनाचं माप, आणि विशालकंसाचं माप ३६० मधून ते वजा करून येतं. लांबी मात्र सेंटिमीटरमध्ये, मीटरमध्ये. २१ सेंटिमीटर त्रिज्येच्या परातीच्या काठावर ६० अंशांचा कंस घेतला तर त्याची लांबी २२ सेंटिमीटर भरते. ६३ सेंटिमीटर त्रिज्येच्या बैलगाडीच्या चाकावर तोच ६० अंशांचा कंस ६६ सेंटिमीटर भरतो. माप तेच, लांबी तिप्पट. म्हणूनच ‘एकरूप जीवांचे संगत कंस एकरूप असतात’ हे लिहिताना ‘एकाच वर्तुळातील किंवा एकरूप वर्तुळांतील’ हे शब्द गाळायचे नसतात. परीक्षकाला कारण पूर्ण लागतं.

आता कोन. माझ्या वर्गात मी एकच सवय लावते. कोन दिसला की त्याच्या भुजांवरून बोट पुढे न्यायचं, त्या वर्तुळाला कुठे भेटतात ते बघायचं आणि कोनाच्या आतल्या भागात येणारा कंस पेन्सिलीने गडद करायचा. तो अंतर्खंडित कंस. पहिल्या आठवड्यात एखादा मुलगा हमखास विचारतो, “ताई, हाऊ कंस कथाईन उना?” म्हणजे हा कंस कुठून आला? प्रश्नात कंसाचा उल्लेखच नसतो ना! दिलेला असतो कोन आणि विचारलेलाही कोन. पण एका कोनाकडून दुसऱ्याकडे जायचं तर वाट कंसावरूनच जाते.

शिरोबिंदू केंद्रावर असेल तर कोन कंसाच्या मापाइतका. शिरोबिंदू वर्तुळावर असेल तर तो आंतरलिखित कोन, कंसाच्या मापाच्या निम्मा. दोन जीवा वर्तुळाच्या आत छेदत असतील तर समोरासमोरचे दोन कंस मिळवून निम्मे करायचे, आणि दोन वृत्तछेदिका बाहेर छेदत असतील तर मोठ्या कंसातून लहान वजा करून निम्मे. स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून निघालेली जीवा यांच्यातला कोनसुद्धा त्याच्या आतल्या कंसाच्या निम्माच. शिरोबिंदू कुठे आहे आणि कंस कोणता आहे, हे दोन प्रश्न विचारले की या प्रकरणातला बहुतेक प्रत्येक कोन सापडतो.

निम्माच का? हे एकदा स्वतः काढून बघाच, कारण सिद्धता लिहायला येते आणि ती समजली की पाठ करावी लागत नाही. वर्तुळावरच्या शिरोबिंदूतून केंद्रातून जाणारी रेषा काढा आणि कोनाच्या भुजांची टोकं केंद्राला जोडा. दोन त्रिकोण तयार होतात. दोन्हींत दोन बाजू त्रिज्या आहेत, म्हणून ते समद्विभुज. पायाचे कोन सारखे, आणि बाह्यकोन आतल्या दोन दूरस्थ कोनांच्या बेरजेइतका, म्हणजे त्यातल्या एकाच्या दुप्पट. दोन्ही बाजूंचं मिळवलं की केंद्रीय कोन वर्तुळावरच्या कोनाच्या दुप्पट निघतो. केंद्र कोनाच्या बाहेर पडलं तर मिळवण्याऐवजी वजा करायचं. सगळी किमया त्रिज्या जोडण्याची आहे. आकृतीत केंद्र दिलेलं असेल आणि वाट सुचत नसेल, तर वर्तुळावरचे बिंदू केंद्राला जोडून बघा.

एक उदाहरण सावकाश करू. जीवा अब चा केंद्रीय कोन ११० अंश आहे. वर्तुळावर विशालकंसाच्या बाजूला बिंदू क घेतला, तर कोन अकब किती? त्याच्या आत लघुकंस येतो, माप ११०, म्हणून कोन ५५. आता बिंदू ड लघुकंसावर घ्या. घाईत मुलं पुन्हा ५५ लिहितात. बोट फिरवून बघा, कोन अडब च्या आत आता विशालकंस येतो. त्याचं माप ३६० वजा ११०, म्हणजे २५०. निम्मे केले की १२५. आणि ५५ अधिक १२५ म्हणजे १८०. चक्रीय चौकोनाचे, म्हणजे चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाचे, समोरासमोरचे कोन परस्परांचे पूरक असतात हे प्रमेय तुमच्या वहीत आपोआप उतरलं. त्याची सिद्धताही हीच, दोन कंस मिळून पूर्ण वर्तुळ होतं, म्हणून दोन कोन मिळून त्याच्या निम्मे.

अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, त्याचंही कारण तेच, कंस १८०, निम्मे ९०. पण हे हाताने केल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाटी पालथी ठेवून कागदावर वर्तुळ आखा. केंद्र माहीत नाही. कंपासपेटीतल्या गुण्याचा काटकोनाचा कोपरा वर्तुळावर टेकवा आणि त्याच्या दोन कडा वर्तुळाला कुठे छेदतात तिथे खुणा करा. त्या खुणा जोडल्या की व्यास मिळाला. कोपरा दुसऱ्या जागी टेकवून पुन्हा करा. दोन व्यास छेदतात ते केंद्र.

स्पर्शिकेबद्दल थोडक्यात सांगते. स्पर्शबिंदूतून काढलेली त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते, म्हणून स्पर्शिका दिसली की काटकोन त्रिकोण शोधायचा. केंद्रापासून २५ सेंटिमीटरवरच्या बिंदूतून ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाला स्पर्शिका काढली, तर पायथागोरसने स्पर्शिकाखंड २४ सेंटिमीटर. त्याच बिंदूतून दुसरी स्पर्शिकाही तेवढीच. बाकी सरावाने येतं.

क्षेत्रफळाकडे येताना मला पाटणं आठवल्यावाचून राहत नाही. चाळीसगाव तालुक्यातलं, पाटणादेवीच्या डोंगराखालचं. तिथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा अभ्यास व्हावा म्हणून त्याने मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. ‘लीलावती’ हा त्याच ग्रंथाचा भाग मानतात. म्हणजे आज आपण जे सोडवतो, ते शिकवायची व्यवस्था आठशे वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात झाली होती. मुलांना हे सांगताना मला आजही भरून येतं.

लीलावतीत परीघ काढायच्या दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, ही सूक्ष्म रीत. २२ ने गुणून ७ ने भागा, ही व्यवहाराची. पहिलीतून पायची किंमत ३.१४१६ येते. दुसरी तुमच्या ओळखीची आहेच. प्रश्नात पायची जी किंमत दिली असेल तीच घ्या. दिली नसेल आणि त्रिज्येला ७ ने भाग जात असेल तर २२/७ ने आकडेमोड हलकी होते.

क्षेत्रफळाची तिथली रीत मला फार आवडते. परीघाला व्यासाच्या चौथाईने गुणा. आपलं सूत्र पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि ही रीत, दोन्ही एकच आहेत. पण या रीतीत कारण दिसतं. वर्तुळाचे केंद्रापासून खूप बारीक त्रिकोण पाडले, तर प्रत्येकाची उंची जवळजवळ त्रिज्येएवढी आणि सगळ्यांचे पाये मिळून परीघ. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे, म्हणून परीघ गुणिले त्रिज्या भागिले दोन. वर्तुळपाकळी म्हणजे दोन त्रिज्या आणि कंस यांच्यातला भाग, तिलाही हेच लागू पडतं. परीघाच्या जागी फक्त कंसाची लांबी घ्यायची.

विहिरीवर हे करून बघा. खानदेशात गोल विहीर नाही असं शिवार शोधून सापडायचं नाही. व्यास मोजायला कोणी विहिरीवरून आडवा टेप धरू नये, ते धोक्याचं आहे. कठड्याभोवती बाहेरून दोरी फिरवा, आणि सोबत मोठं माणूस असू द्या. समजा दोरी ६६ फूट भरली. ७ ने गुणून २२ ने भागलं की बाहेरचा व्यास २१ फूट. कठड्याची जाडी दीड फूट असेल तर ती दोन्हीकडून वजा होते, आतला व्यास १८ फूट. इथे एकदाच वजा करणारे पुष्कळ. त्रिज्या ९, क्षेत्रफळ सुमारे २५४.६ चौरस फूट. म्हणजे विहिरीचं पाणी एक फुटाने उतरलं तर सुमारे ७,२०० लिटर गेलं, कारण एका घनफुटात २८.३ लिटर मावतात. जाडी विसरून २१ फूट व्यासच धरला असता तर क्षेत्रफळ ३४६.५ आलं असतं आणि पाण्याचा हिशेब ९,८०० लिटरांवर गेला असता. उन्हाळ्यात पाळीचं पाणी ठरवणाऱ्या घराला हा फरक लगेच कळतो.

वर्तुळपाकळीसाठी तुषार सिंचनाचा फवारा घ्या. तो शेताच्या कोपऱ्यात उभा आहे, पाणी १४ मीटरवर पडतं आणि ९० अंशांत फिरतं. पूर्ण वर्तुळ ६१६ चौरस मीटर, त्याची चौथाई १५४. कंसाची लांबी परीघाच्या, म्हणजे ८८ मीटरच्या चौथाई, २२ मीटर. वरच्या रीतीने २२ गुणिले १४ भागिले २, पुन्हा १५४. आता कंसाची दोन टोकं जीवेने जोडली तर आतला काटकोन त्रिकोण ९८ चौरस मीटरचा. उरलेला ५६ चौरस मीटरचा तुकडा हा वर्तुळखंड. पाकळी केंद्रापर्यंत जाते, खंड जीवेपाशी थांबतो. प्रश्न वाचताना छायांकित भाग यातला कोणता ते आधी ठरवा, मगच आकडे मांडा.

शेवटी एक प्रमेय, जे मुलं ‘याचा उपयोग काय’ म्हणत सोडून देतात. दोन जीवा वर्तुळाच्या आत छेदल्या की एकीच्या दोन भागांचा गुणाकार दुसरीच्या दोन भागांच्या गुणाकाराएवढा असतो. तापीकाठी प्रकाशे इथे १९५५ मध्ये उत्खनन झालं. अशा जागी मडकी अख्खी क्वचित मिळतात, खापरंच जास्त. पण काठाचा तुकडा हाती असला की त्याच्या गोलाईवरून मडक्याच्या तोंडाचा व्यास काढता येतो. तुकड्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर ८ सेंटिमीटर आहे, आणि या जीवेच्या मध्यापासून कंस १ सेंटिमीटर वर उचललेला आहे, असं धरा. या उंचीला जुन्या गणितात शर म्हणतात. जीवेच्या मध्यातून जाणारा लंब केंद्रातून जातो, म्हणून तो व्यासाचाच भाग. मग ४ गुणिले ४ बरोबर १ गुणिले उरलेला व्यास. उरलेला १६, पूर्ण व्यास १७ सेंटिमीटर. लीलावतीत हीच रीत आहे, अर्ध्या जीवेच्या वर्गाला शराने भागा आणि भागाकारात शर मिळवा.

फुटलेली काचेची बांगडी घरात असेल तर तिचा मोठा तुकडा कागदावर ठेवून बाहेरच्या कडेने कंस आखा. धारेला हात लावू नका. जीवा आणि शर पट्टीने मोजून व्यास काढा, मग त्याच जोडीतल्या अख्ख्या बांगडीचा बाहेरचा व्यास मोजून ताडून बघा. शर मिलिमीटरपर्यंत नीट मोजा, त्यात थोडीशी चूक झाली तरी व्यास बराच बदलतो. आखलेल्या कंसावर दुसरी जीवा घेऊन तिचाही हिशेब करा. दोन्ही उत्तरं जवळजवळ आली की तुमचं मोजमाप बरोबर आहे.