एजंट चालू आहे पण क्लाउडवॉचवर काहीच दिसत नाहीये? या चुका टाळा

इसीटूवर (अमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, भाड्याने मिळणारे सर्व्हर) सर्व्हर उभा केला, त्यावरचे लॉग आणि मेट्रिक (मोजमापाचे आकडे) क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेला पाठवणारा क्लाउडवॉच एजंट टाकला, स्टेटस बघितलं तर हिरव्या अक्षरात ॲक्टिव्ह रनिंग. झालं काम म्हणून चहाला गेलो आणि परत येऊन बघतो तर कन्सोलवर एक ओळ नाही. माझं हे दोनदा झालंय, आणि टीममधे नवीन आलेल्याचं एकदा तरी होतंच. रनिंग म्हणजे प्रोसेस जिवंत आहे, बस. डेटा पोचतोय का हे एजंटचा स्वतःचा लॉग सांगतो, तो ऑप्ट फोल्डरमधे एडब्ल्यूएस, त्याखाली अमेझॉन-क्लाउडवॉच-एजंट आणि त्यात लॉग्ज असा आत लपलेला असतो. आधी तो टेल करा (शेवटच्या ओळी बघा), मग बाकी डोकं चालवा.

बरेच जण विचारतात की क्लाउडवॉच तर आपोआपच चालू असतं, मग एजंट कशाला. सीपीयू, नेटवर्क हे बाहेरून दिसतं म्हणून आयतं मिळतं, पण रॅम किती खाल्ली, डिस्क किती टक्के भरली हे ऑपरेटिंग सिस्टमच्या आतलं आहे, ते एजंटशिवाय कळत नाही. डिस्क भरून डेटाबेस आडवा झाला तरी सीपीयूचा ग्राफ मस्त शांत झोपलेला असतो.

सेटअपच्या विझार्डमधे एंटर, एंटर, एंटर मारत जाऊ नका. मधेच कलेक्टडीबद्दल (मेट्रिक गोळा करणारा वेगळा प्रोग्रॅम) विचारतो आणि डिफॉल्ट उत्तर हो असतं. सर्व्हरवर कलेक्टडी नसेल तर टाइप्स डॉट डीबी फाइल सापडत नाही म्हणून एजंट सुरूच होत नाही. तिथे नाही म्हणा.

लॉगमधे ॲक्सेस डिनाइड दिसलं तर इन्स्टन्सच्या (म्हणजे त्या सर्व्हरच्या) आयएएम रोलला (सर्व्हरला एडब्ल्यूएसमधे काय करता येईल ते ठरवणारा परवाना) क्लाउडवॉच-एजंट-सर्व्हर-पॉलिसी लावलीय का बघा. एजंटची कॉन्फिग पॅरामीटर स्टोअरमधे (एडब्ल्यूएसमधली सेटिंग साठवायची जागा) ठेवत असाल तर त्याचं नाव अमेझॉनक्लाउडवॉच आणि पुढे डॅश असंच सुरू व्हायला हवं, कारण ती पॉलिसी तेवढीच नावं वाचू देते. टाइमआउट येत असेल आणि सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमधे (थेट इंटरनेट नसलेलं नेटवर्क) असेल तर नॅट (इंटरनेटला बाहेर जायची वाट) तरी हवं नाहीतर व्हीपीसी एंडपॉइंट (एडब्ल्यूएसच्या सेवेपर्यंतची खाजगी वाट), आणि लॉग्जचा वेगळा, मॉनिटरिंगचा वेगळा. मेट्रिक येतात पण लॉग येत नाहीत, हे बऱ्याचदा एकच एंडपॉइंट बनवल्यामुळे होतं.

आता ज्याने माझी अख्खी दुपार खाल्ली ते सांगतो. एनजिनेक्सचे (वेब सर्व्हर प्रोग्रॅम) लॉग व्यवस्थित येत होते, त्याच सर्व्हरवरच्या ॲपचा लॉग मात्र शून्य, म्हणजे परवानगी ठीक, नेटवर्क ठीक, मग घोडं अडलं कुठे? सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) आणि ॲप लिहीत होतं आयएसटीत (भारतीय वेळ, साडेपाच तास पुढे), पुढे झोन न लावता. दुपारी १४:१० ची ओळ एजंटने यूटीसी समजून पाठवली, तेव्हा यूटीसीत वाजले होते ८:४०. म्हणजे ओळ साडेपाच तास भविष्यातली, आणि क्लाउडवॉच लॉग्ज २ तासांपेक्षा पुढची ओळ घेतच नाही, फेकून देतं. (१४ दिवसांपेक्षा जुनी पण घेत नाही, म्हणून जुने लॉग मागाहून भरायचा बेत असेल तर विसरा.) कॉन्फिगमधे टाइमझोनला यूटीसी किंवा लोकल एवढेच दोन पर्याय आहेत, तेव्हा सरळ ॲपलाच यूटीसीत लिहायला लावा, नाहीतर वेळेपुढे +०५३० छापा आणि फॉरमॅटमधे झोन वाचायला सांगा. उलटं असलं, म्हणजे सर्व्हर आयएसटीवर आणि ॲप यूटीसीत, तर ओळी येतात पण साडेपाच तास मागे जाऊन बसतात आणि तुम्ही शेवटचा एक तास लावून शोधत राहता.

परमिशनचं पण बघून घ्या. एजंट सीडब्ल्यूएजंट या युजरने चालत असेल तर उबुंटूवर एनजिनेक्सचे लॉग त्याला वाचता येत नाहीत, ते एडीएम ग्रुपचे असतात. युजरला त्या ग्रुपमधे टाका आणि एजंट रिस्टार्ट करा. फाइलला ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) देऊ नका, प्लीज. आणि फाइलच्या नावात स्टार (*, म्हणजे सगळ्या फाइली) देऊन ॲक्सेस, एरर सगळं एकाच ओळीत उरकायला गेलात तर एजंट त्यातली सगळ्यात शेवटी बदललेली एकच फाइल पाठवतो, बाकीच्या गप्प. प्रत्येक प्रकाराला वेगळी नोंद करा. जावाचा स्टॅक ट्रेस (एररचा अनेक ओळींचा तपशील) चाळीस तुकड्यांत येत असेल तर कॉन्फिगमधे मल्टी-लाइन-स्टार्ट-पॅटर्न (नवी नोंद कुठून सुरू होते ते सांगणारा) राहिलाय.

कॉन्फिगची जेसन फाइल बदलून नुसतं रिस्टार्ट केलं तर काही होत नाही, एजंट आपली कॉपी वापरतो, फेच-कॉन्फिग (नवी कॉन्फिग एजंटला देणारी कमांड) परत चालवावं लागतं. दुसरी फाइल वरून जोडायची असेल तर मात्र अपेंड-कॉन्फिग, कारण फेचने पहिली उडते.

बिलाबद्दल थोडक्यात. लॉग ग्रुपचं रिटेन्शन (लॉग किती दिवस ठेवायचे ते) डिफॉल्टला नेव्हर एक्स्पायर असतं, तिथे पहिल्याच दिवशी ३० दिवस किंवा काय हवं ते टाका. मेट्रिकमधे प्रत्येक डायमेन्शनचं (मेट्रिकला लावलेलं लेबल) कॉम्बिनेशन म्हणजे वेगळं मेट्रिक आणि वेगळे पैसे, आणि डिस्कला स्टार दिला की उबुंटूवरचे स्नॅपचे लूप डिव्हाइससुद्धा (स्नॅप पॅकेजच्या, डिस्कसारख्या जोडलेल्या फाइली) मोजले जातात, जे कायम १०० टक्के भरलेलेच दिसतात. फक्त रूट आणि डेटाचा माउंट द्या.

सगळं जमलं की अलार्म लावता, पण एजंटच मेला तर? डेटा येणं बंद, अलार्म इनसफिशियंट डेटावर जातो आणि मेल काही येत नाही, कारण आपण मेल फक्त इन अलार्मवर लावलेला असतो. डिस्क-मेमरीच्या अलार्मला मिसिंग डेटा ब्रीचिंग (मर्यादा ओलांडली असं) समजायला सांगा. मग एजंट मुद्दाम बंद करून मोबाइल हातात घेऊन बसा, मेल आला तरच लॅपटॉप मिटा.