नवी ड्युअल-स्पोर्ट आणताय? आधी पुढच्या चाकाची ट्यूब आणा

शनिवारी भाचा यवतमाळहून नवी गाडी आणतो आहे. उंच, तारांच्या चाकांची, डांबरावर चालते तशी पांदणीतही चालते अशी ड्युअल-स्पोर्ट. परवा फोनवर म्हणाला, "मामा, गाडी तर बुक केली, आता काय काय घेऊन ठेवू?" मी सांगायला लागलो अन् अर्ध्यातच थांबलो. हे लिहूनच ठेवलं पाहिजे, असं वाटलं. मी गाडी घेतली तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं, अन् ते एका कास्तकाराला महागात पडलं.

हेल्मेट, बूट, लायसन्स यांवर काही लिहीत नाही. कागदांचं एवढंच की नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा 5 वर्षांचा मिळतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा 1 वर्षाचाच असतो. पाच वर्षं निवांत, असं समजून बसू नका. पीयूसी पहिल्या वर्षी लागत नाही, नंतर लागते.

आता मुद्द्याचं. गाडी घरी यायच्या आधी, गाडीच्याच बजेटमधून, पुढच्या चाकाची एक जादा ट्यूब घ्या. 21 इंची. शोरूममध्ये क्रॅश गार्ड, सीट कव्हर, मोबाइल होल्डर सगळं दाखवतील, ट्यूब कोणी दाखवणार नाही. तुम्हीच मागा. नसेल तर नागपूरहून मागवा, पण ती हातात येईपर्यंत गाडी वावराच्या रस्त्याला नेऊ नका.

कारण सांगतो. हीरोच्या एक्सपल्सला पुढचं चाक 21 इंची अन् मागचं 18. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनला पुढचं 21, मागचं 17. मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं, दगडावरून सहज चढतं, म्हणून या गाड्यांना ते देतात. पण आपल्याकडच्या पंक्चरवाल्याकडे ज्या गाड्या येतात त्या स्प्लेंडर, शाइन, पल्सर. त्याच्या भिंतीवर टांगलेल्या ट्यूबा 17 च्या अन् 18 च्या. 21 ची तो ठेवत नाही, कारण वर्षाला एकही गिऱ्हाईक येत नाही. मागच्या चाकाचं काम कुठंही निभतं. पुढच्याचं निभत नाही. आणि तारांचं चाक असलं की बहुतेक गाड्यांत आत ट्यूब असतेच, कारण तारांची टोकं रिममधून आरपार जातात अन् तिथून हवा धरत नाही. हिमालयन 450 ला तारांची ट्यूबलेस चाकं मिळतात, तशी असतील तर तुमचं वेगळं. गाडी घेताना हे स्पष्ट विचारून घ्या.

मी पशुधन पर्यवेक्षक. घाटंजी तालुक्यात गावोगाव फिरणं हेच काम. दोन वर्षांमागं पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला, पहिलारू गाय अडली आहे, वासराचा एकच पाय बाहेर आहे. त्या दिवशी मी आधीच एका पांदणीतून निघालो होतो. चिखलात पकड यावी म्हणून दोन्ही चाकांची हवा कमी करून पुढं 15 पीएसआयवर आणली होती. डांबरावर आल्यावर परत भरायची होती. पंप बॅगेतच होता. घाईत भरली नाही. चार-पाच किलोमीटर जोरात गेलो, एका वळणावर म्हशी आडव्या आल्या, ब्रेक दाबला अन् पुढचं चाक बसलं.

हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर घसरतो अन् आतली ट्यूब सोबत ओढत नेतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. मग ट्यूब तिथंच, व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तिथं फाटलेल्या ट्यूबला ठिगळ बसत नाही. माझ्या बॅगेत काय होतं? ट्यूबलेस टायरमध्ये खुपसायच्या पट्ट्यांची नवीकोरी किट. ट्यूबच्या टायरला तिचा काहीएक उपयोग नाही. गाडी घेऊन पाच महिने झाले होते अन् मला हे माहीत नव्हतं.

एका पोरानं शेजारच्या गावातून पंक्चरवाल्याला आणलं. तो वाकून चाकाकडं पाहत राहिला अन् म्हणाला, "डॉक्टर, सतराची हाय, अठराची हाय. हे एवढ्या मापाची मायापाशी नाही." अठराची ताणून बसवायचा प्रयत्न केला, ती बसवतानाच गेली. शेवटी त्याच्याच गाडीवर मागं बसून गावात पोचलो तेव्हा अंधार पडून गेला होता. गाय वाचली. वासरू गेलं होतं. म्हातारा कास्तकार मला एक शब्द बोलला नाही. मी हात धुवायला बसलो तेव्हा त्यानंच लोट्यानं पाणी घातलं, साबण पुढं केला. ट्यूब नागपूरहून बसच्या पार्सलनं तिसऱ्या दिवशी आली.

म्हणून 21 ची ट्यूब. खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा. दुकानदार "बसून जाईल" म्हणाला तरी 21 लिहिलेली नसेल तर घेऊ नका. अन् एकच ट्यूब जवळ ठेवायची झाली तर पुढचीच ठेवा, कारण अडचणीच्या वेळी 21 ची ट्यूब मागच्या 18 च्या चाकात थोडी दुमडून बसते अन् सावकाश घरापर्यंत आणते. उलटं होत नाही. ट्यूब पान्यांच्या पिशवीत तशीच टाकू नका. खडबडीत रस्त्यानं लोखंड घासून घासून तिला बॅगेतच भोकं पडतात अन् वेळेवर काढाल तेव्हा ती पंक्चर निघेल. टॅल्कम पावडर लावायची, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची, वरून प्लॅस्टिकची पिशवी, अन् सीटच्या मागं बांधायची.

सोबत दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), हातपंप, हवा मोजायचं छोटं मीटर, ठिगळं अन् सोल्यूशन. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की वाळते, दर पावसाळ्याआधी नवी घ्या. पुढच्या अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला, बसणारा पाना गाडीच्या किटमध्ये आहे का पाहा. बऱ्याच वेळा मागच्याचा असतो, पुढच्याचा नसतो.

आणि अंगणात एकदा चाक खोलून पाहा. हे टाळू नका. रविवारी दोन तास काढा. कारखान्यातून अ‍ॅक्सल इतका आवळून येतो की पहिल्यांदा सुटताना अंगातली सगळी ताकद लागते. ते रानात रात्री करण्यापेक्षा घरी केलेलं बरं. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर टायर जमिनीवर आडवा ठेवा, दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड त्याच्या कडेवर टेकवा अन् ती गाडी स्टँडकडं झुकवून वजन टाका. कड सुटते. नवी ट्यूब आत घालताना आधी तिच्यात थोडी हवा भरा, आकार धरेल इतकीच, म्हणजे ती पिळत नाही अन् लिव्हरमध्ये चिमटत नाही. टायर चढवताना समोरची बाजू गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. तिकडं ढील मिळाली की इकडची कड साबणाच्या पाण्यानं सहज चढते. जोर लावावा लागत असेल तर समजा, समोरची बाजू वर आली आहे. व्हॉल्व्हवरची चकतीसारखी नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. मग ट्यूब सरकायला लागली की व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसतो, अन् तो दिसला की ट्यूब फाटायच्या आत तुम्हाला कळतं. माझी नट रिमला आवळलेली होती.

हवा कमी करायचीच झाली तर 18-20 च्या खाली नको. अन् डांबर लागलं की थांबा, भरा, मग निघा. कितीही घाई असो. कमी हवेत दगडावर आपटलं तर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, एकाला ठिगळ लावून दुसरं विसरायला होतं.

गाडी ताब्यात घेताना: बनवल्याचा महिना, टायरवरची तारीख, दिवे, हॉर्न, लिव्हर. सीटवर बसून दोन्ही पाय टेकतात का ते आधीच पाहिलं असेल.

पहिल्या सर्व्हिसपर्यंत गाडी एकाच वेगानं ताणू नका, वेग कमीजास्त ठेवा, फुल्ल पिळू नका. पहिली सर्व्हिस पुढं ढकलू नका, पहिल्या ऑइलमध्ये नव्या इंजिनाचा बारीक चुरा येतो.

चाकाच्या तारा मात्र स्वतः पाहा. नव्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात अन् ढिल्या होतात, अन् सर्व्हिसमध्ये त्या तपासतीलच याचा भरवसा नाही. चाक उचलून फिरवा अन् छोट्या पान्यानं एकेक तार वाजवा. आवळलेली तार टणकन वाजते, ढिली थड असा मेलेला आवाज देते. ढिली सापडली तर पाव फेरा, जास्त नाही. एकीलाच आवळत बसलात तर रिम वाकडी होते. दहाबारा ढिल्या निघाल्या तर माहीतगाराकडं न्या.

चेन. दर 500 किलोमीटरला पुसून तेल, पावसात त्याहून लवकर. पेट्रोलनं धुऊ नका, आतल्या रबरी रिंगा खराब होतात. घासलेट किंवा चेन क्लीनर वापरा. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं. गावातला मिस्त्री चेन ढिली दिसली की आवळतो, त्याला थांबवा. या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन लांब दबतं, दबलं की चेन ताणली जाते, म्हणून उभ्या गाडीवर ती ढिलीच दिसायला पाहिजे. स्प्लेंडरसारखी आवळली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. मॅन्युअलमधला आकडा धरा, मग दोन माणसं बसवून पुन्हा हात लावून पाहा, तेव्हाही थोडी हलली पाहिजे.

एअर फिल्टरचं आपल्याकडं वेगळं आहे. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, रस्त्याच्या कडेला मळणी यंत्रं लागतात, तो भुसा अन् धूळ सगळी गाडीच्या नाकात जाते. त्या दिवसांत दर 1000 किलोमीटरला उघडून पाहा. फोमचा असेल तर घासलेटनं धुऊन, वाळवून, तेल लावून बसवता येतो. साधा कोरडा कागदी असेल तर आतून बाहेर हवा मारा, बाहेरून आत कधीच नाही. तेल लावलेला कागदी असेल तर तो साफ करायचाच नसतो, बदलायचा. कोणता आहे ते मॅन्युअलमध्ये असतं.

काळी माती. ओली असताना ती कणकेसारखी चिकटते अन् वाळली की खापरासारखी कडक होते. इंजिनाच्या पात्यांत अन् ऑइल कूलरच्या जाळीत बसली की हवा लागत नाही अन् गाडी तापते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथं तर ही माती आधी काढाच. ओली आहे तोवरच पाण्यानं काढायची, गरम इंजिनावर नाही, अन् जोराच्या फवाऱ्यानं चाकाच्या बेअरिंगवर अन् चेनवर मारायचं नाही. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर चिखल वाळू देऊ नका, सील कापतो अन् तेल गळायला लागतं. ओल्या फडक्यानं पुसायला एक मिनिट लागतं. स्टँडखाली ठेवायला एक चपटी लाकडी फळी बॅगेत असू द्या, नाहीतर काळ्या मातीत स्टँड रुतून गाडी आडवी होते.

जादा क्लच लिव्हर एक. जादा क्लच केबल एक, जुन्या केबलला समांतर बांधूनच ठेवली तरी चालते. नट-बोल्ट महिन्यातून एकदा. रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं, हळू चालवा. बाटलीतलं पेट्रोल नको.

पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला चार्जर, टाकी भरलेली, चेनला तेल. झालं.

अन् ट्यूब वर्षातून एकदा उलगडून पाहा, घडीवर चिरा पडल्या असतील तर बदला. वापरली तर त्याच आठवड्यात दुसरी मागवा, "आता कुठं लगेच होते" म्हणून महिना घालवू नका.

भाच्याची ट्यूब मी परवाच आणून ठेवली. खोक्यावर 21 आहे, दोनदा वाचलं. पावडर लावली, धोतराचा तुकडा आईनं काढून दिला. शनिवारी शोरूममधून गाडी बाहेर निघेल तेव्हा ती सीटमागं बांधूनच निघेल.