कुलाबा किल्ल्यावरची तोफ कशी बघावी

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जायचं तर आधी तिथी बघा. आमच्याकडचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. आठला चालत निघा, साडेदहाच्या आत किनाऱ्याला लागा. अष्टमीची ओहोटी बाराची, पण ते भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढउताराचं, पुरतं हटत नाही.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांच्यावर चढून फोटो नकोत. अक्षरं वाचायला खडू किंवा कोळसा घासू नका, टॉर्च आडवा धरा. सावलीत खाचा उठून दिसतात. ‘डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड’. ही तोफ कान्होजी आंग्र्यांची असं काहीजण सांगतात. पण लो मूरचा कारखाना १७९१चा, कान्होजी गेले १७२९ साली. १७२१मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांचा एकत्र हल्ला कुलाब्याने परतवला हे खरं, पण या तोफेने नव्हे. कुणी छाती फुगवून सांगू लागलं तर हसून ऐका, वहीत मात्र लिहू नका.

वहीत लिहायचं ते असं: तोंडाचा व्यास, तोंडापासून मागच्या कड्यापर्यंतची लांबी (मागचा गोळा सोडून), बाजूचे खुंटे, आणि कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक. कानात खिळा ठोकलेला दिसला तर ती तोफ कुणीतरी मुद्दाम निकामी केलेली.

आता जपणुकीचं. दुसऱ्या एका किल्ल्यावर आम्ही उत्साहाने तोफ तारेच्या ब्रशने घासून काळा ऑइलपेंट फासला. पावसाळ्यानंतर रंगाखालून बोटभर पापुद्रे सुटले आणि त्यांच्याबरोबर अर्धं अक्षरही. खारं ओतीव लोखंड आतून गंजत राहतं, रंग ते फक्त झाकतो. आधी क्षार काढावे लागतात: अल्कलीच्या द्रावणात, मंद वीज सोडून, कित्येक महिने. मग टॅनिक आम्ल, वर मेण. हे रविवारच्या श्रमदानाचं काम नाही. शिवाय संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्याला जमण्यासारखं काम वेगळं आहे. तोफेच्या तोंडात वेफर्सची पाकिटं, बाटल्या, ओला पाला असतो. तिथल्या पहारेकऱ्याला विचारून हाताने काढा. दर ऑक्टोबरात त्याच जागेवरून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्या आणि पुरातत्त्व खात्याला पाठवा. खाली गंजाचा पापुद्रा पडलेला दिसला तर खिशात घालू नका. जिथे पडलाय तिथेच फोटोत येऊ द्या.