मोहल्ला कमिटी उभी करायची तर

सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी शांतता समितीची बैठक पुरत नाही. तिथे तेच ते पुढारी येतात, चहा होतो, फोटो निघतो. गल्लीतली माणसं एकमेकांना अनोळखीच राहतात. १९७० आणि १९८४च्या हिंदू-मुस्लिम दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या, म्हणजे दोन्ही समाजांतल्या गल्लीतल्या साध्या माणसांच्या समित्या, बांधल्या. १९९२-९३ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, ती या आधीच्या मेहनतीमुळे.

म्हणून सुरुवात सणवार नसताना करा. दोन-तीनशे घरांमागे पंचवीसेक जण पुरतात: रिक्षावाला, किराणावाला, गणेश मंडळाचा कार्यकर्ता, मशिदीचा ट्रस्टी, शिक्षिका. निदान एक तृतीयांश बायका हव्यातच. निवडणूक लढवणाऱ्याला घेऊ नका. दुसऱ्या पक्षाची माणसं यायची बंद होतात. बैठक महिन्यातून एकदा, पालिकेच्या शाळेत, मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज आणि संध्याकाळची आरती दोन्ही सांभाळून. पहिल्या तीन बैठकांत फक्त गटार, पाणी, रस्त्यावरचे दिवे. दोन्हीकडच्या सह्यांचा एक अर्ज वॉर्ड ऑफिसात गेला आणि गटार उपसलं गेलं, की लोक पुढच्या बैठकीला आपणहून येतात.

मग मिरवणुका. मुस्लिम सणांचं हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे तारखा एकमेकींवर येणारच. २८ सप्टेंबर २०२३ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. अशी समजूत ऐनवेळी होत नाही, दोन महिने आधी बसा. चंद्रदर्शनाने तारीख एका दिवसाने सरकते, तेव्हा दोन्ही शक्यता धरून ठरवा. मार्ग सगळ्यांनी मिळून पायी फिरून पाहा. ठिणगी बहुतेकदा मशिदीसमोर पडते: मिरवणूक रेंगाळते, नमाजाची वेळ होते, ढोल थांबत नाहीत, गुलाल दारात उडतो. त्या दिवसाच्या नमाजाच्या वेळा कागदावर घ्या, ढोल आणि गुलाल कुठून कुठपर्यंत बंद ते खांबांच्या खुणेने ठरवा आणि तिथे दोन्ही समाजांचे स्वयंसेवक जोडीने उभे करा.

अफवा आली की दोन्हीकडचा एकेक जण मिळून जागेवर जाईल आणि अर्ध्या तासात कमिटीच्या ग्रुपवर स्वतःच्या नावानिशी कळवेल. खोटं ठरलेला व्हिडिओ खोडून काढायलासुद्धा पुढे पाठवू नका, त्याने तो आणखी पसरतो. घटना खरी निघाली तर मात्र दडपू नका: काय झालं, तक्रार कुठे नोंदवली, जखमी कसा आहे, एवढं लगेच सांगा.